जास्तीचा वेढा

जी वस्तू फुटणारच आहे ती नीट करायची. घासून, तासून, भिंगाखाली बघून, एकही ओरखडा न ठेवता करायची. मग ती लोखंडी पेटीत बसवायची, सगळ्यांनी जाड भिंतीमागे जायचं, एकाने बटण दाबायचं, आणि फाट्! संपलं. पेटीचं दार उघडावं तर आत तांब्याचा भुगा. तो झाडायचाही मीच. पाच वर्षं हे काम करते आहे, आणि अजून दार उघडलं की तोंडातून निघतंच, अरे, काल दुपारभर बसून केलं होतं की हे!

गल्लीतल्या बायका विचारतात, "अनुसयाबाई, तुमच्या तिथं काय बनवतात?" मी सांगते, कडी बनवते. "हातातली?" नाही, फोडायची. मग त्या पुढे काही विचारत नाहीत, आणि मीही सांगत बसत नाही. इथे मात्र सांगायला बसलेच आहे, तर पहिल्यापासून सांगते.

तारेतून करंट गेला की तारेभोवती चुंबक तयार होतं. हे शाळेत शिकवतात म्हणे. माझी शाळा सातवीत सुटली. आमचं गाव किनवटकडे, नाशिकपासून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. लग्न झालं, नवऱ्याला नाशिकच्या अंबडला कंपनीत काम लागलं, म्हणून इकडे आले. चुंबकाचं शास्त्र मी अंबडच्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शिकले. जळालेली मोटार यायची, काळी झालेली तार उपसून काढायची, नवी भरायची. करंट वाढवला की चुंबकाचा जोर वाढतो, आणि जोर वाढला की तार तापते. एवढं समजलं की या धंद्यातलं बरंच समजलं.

चुंबकाचा जोर टेस्लामध्ये मोजतात. भंगाराच्या अड्ड्यावर क्रेनला लोंबकळतं ते लोखंड उचलायचं मोठं चुंबक साधारण एक टेस्लाचं. दवाखान्यातलं एमआरआयचं मशीन दीड नाहीतर तीन. मी काम करते त्या प्रयोगशाळेच्या सरांना पाहिजेत शंभर. कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सर म्हणाले, एवढ्या जोरात काही पदार्थ वेगळेच वागायला लागतात, आणि ते वागणं एरवी दिसत नाही. मोहरीपेक्षा बारीक खडा ते मधोमध ठेवतात आणि त्याचं काय होतं ते बघतात. मला ते पटलं. माणसांचंही तसंच असतं.

पण शंभर टेस्ला धरून ठेवेल अशी वस्तू जगात नाही. म्हणून ते क्षणभर करायचं. क्षण तरी किती? सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले चार-पाच. आमच्याकडे वीज साठवणारे भिंतभर कपॅसिटर आहेत. गंगापूरच्या धरणासारखं समजा, हळूहळू भरायचं आणि सगळी दारं एकदम उघडायची. तो सगळा लोंढा एका तांब्याच्या कड्यातून जातो. कडं अंगठीपेक्षा जरासं मोठं, एकाच वेढ्याचं, तीन मिलिमीटर जाड पट्टीचं. त्यातून लाखांनी करंट जातो, आणि जे चुंबक तयार होतं ते कड्यालाच बाहेर ढकलतं. कडं फुटतं. पण तांबं जड, जागचं हलायला त्याला थोडा उशीर लागतो. तेवढ्या उशिरात आमचं काम होऊन गेलेलं असतं. कडं चांगलं की वाईट, एवढाच प्रश्न, की ते फुटायच्या आधी किती उभं राहिलं.

आता मापायचं कसं? त्यासाठी पिकअप. केसासारखी तार एका बारीक काडीवर दहा वेळा गुंडाळायची. टाचणीच्या डोक्याएवढा गुंडा होतो. तो कड्याच्या मधोमध ठेवला की चुंबक वाढतं तसा त्यात व्होल्टेज येतो, आणि त्यावरून जोर काढतात. वेढे दहा आहेत हे धरूनच तो हिशोब होतो. हे पिकअपही बहुतेक वेळा कड्याबरोबर जातात. आधी ते बाहेरून विकत यायचे, यंदापासून तेही माझ्याकडे आले. म्हणजे कडी मी करायची, पिकअप मी करायचे, दोन्ही एकाच दिवशी फुटायचे.

असो. तक्रार करते आहे, पण हे काम मला देणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात कधी वाकडं आलं नाही. दुकानाचे उस्ताद मालेगावचे, त्यांची नजर गेली आणि दुकान बंद झालं. त्याआधी सर एकदा कसलं तरी कॉइल भरून घ्यायला आले होते. मी भरून दिलेलं कॉइल त्यांनी उलटंसुलटं केलं, खिशातून भिंग काढून पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणी केलं?" दुकान बंद झालं तेव्हा त्यांनीच बोलावून घेतलं. शेडमध्ये खिडकीजवळची जागा दिली, मायक्रोस्कोप दिला, पाठ टेकायला खुर्ची दिली. सातवी शिकलेल्या बाईला मायक्रोस्कोप! मी गावाकडे फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, फोडू नको बाई. तेव्हापासून रोज भीती. आपल्याला इथं चुकून घेतलंय, एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येईल.

लोकही एकेक यायचे. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर चुंबकाचं पाणी विकणारे एक काका होते. ते आले ते बारा बाटल्यांचं खोकं घेऊन. "शंभरचं पाणी करून द्या, गुडघ्याला लगेच गुण येईल." आमच्याकडे संशोधन करणाऱ्या स्नेहलने त्यांना पेटी दाखवली. "काका, मधलं भोक बघा केवढं आहे." काका बघून गेले, आणि दोन दिवसांनी होमिओपॅथीची चिमुकली शिशी घेऊन परत हजर. सरांनी त्यांना चहा पाजला. एवढे मोठे सर, अर्धा तास काकांना समजावत बसले. इकडे मी कडं धरून उभी. तास गेला की त्यावर हवेने मळकट थर बसतो, पुन्हा घासा.

स्नेहल म्हणजे आमची गणितवाली. सटाण्याची. घरचा कांद्याचा व्यापार, घरात पीएचडीला बसलेली ही पहिली. तिचं काम कॉम्प्युटरवर. कडं कसं आहे, पट्टी केवढी, कपॅसिटर किती भरला, हे सगळं ती आत घालते आणि कॉम्प्युटर सांगतो की जोर किती येईल, कधी येईल, तांबं कुठं आधी फाटेल. न फोडता फोडून बघायचं, असं ती म्हणते. मला मावशी म्हणायची. डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या डब्यात मिरचीचा ठेचा असा असायचा की माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि ती म्हणायची, "काय मावशी, तुमच्याकडे फोडणीला पाणी घालतात का?"

तर भांडण इथून सुरू झालं. माझ्या पिकअपचे पहिले पाच शॉट (एकदा कडं फोडलं की एक शॉट) स्नेहलच्या गणिताला बरोबर जुळले. सर खूश. सहाव्यापासून जुळेना. गणित म्हणतंय शंभर, पिकअप म्हणतोय एकशे दहा. सातव्याला तेच. पुढं सगळ्यांना तेच. दर वेळी मापलेलं गणितापेक्षा जास्त.

सर म्हणाले, "यात वाईट काय आहे? गणित कमी सांगतंय, आपण जास्त करतोय." मग त्यांना कारणही सापडलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाईंचा हात बसला आता. कडी सुधारली." कुणी पाहुणे आले की माझ्या टेबलाशी आणायचे. "यांचा हात बसल्यापासून आपण दहा टक्के वर गेलो." पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी पदर सावरून खाली बघायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्यालाही तिसऱ्यांदा ऐकायचं होतं.

आणि स्नेहलचा जीव मात्र जात होता. कारण कडी सुधारली तर किती सुधारतील? तांब्याला जेवढं जमतं तेवढंच जमणार. तिने पट्टीची जाडी बदलून पाहिली, गरम होण्याचं गणित बदललं, रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावून जायची आणि सकाळी येऊन डोक्याला हात. चार महिने. दर सोमवारी सरांच्या खोलीत तिची हजेरी.

"कुठंतरी दहा टक्के राहिलेत तुझे."

"सर, मी सगळं तपासलं."

"सगळं तपासलं असतं तर जुळलं असतं ना?"

शेवटी सर म्हणाले, परदेशात निबंध पाठवायचाय, येत्या सोमवारी शेवटची तारीख. "तुझ्या गणितात एक आकडा घाल, एक पूर्णांक एकने गुण, आणि लिही की कड्याच्या गुणवत्तेमुळे." स्नेहल बाहेर आली ती सरळ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. "मावशी, कारण माहीत नसताना आकडा घालायचा म्हणजे खोटंच की. मी नाही घालणार. शनिवारी सगळं सोडून घरी जाते. आई तशीही म्हणतेय, स्थळं बघून ठेवलीयेत, एवढे दिवस काय उजेड पाडला."

मी म्हटलं, असं नको करू. दुसरं काय म्हणणार? हातात काडी होती, तार लावलेली होती. तेवढ्यात तिला आईचाच फोन आला. ती तिथंच बसून तिच्या अहिराणीत बोलायला लागली, आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून वेढे घालायला लागले. मी मोजते तोंडाने, हलक्या आवाजात. सात, आठ, नऊ, दहा. दहा म्हटलं. तोंड थांबलं. आणि मायक्रोस्कोपखाली माझा हात आणखी एकदा फिरला आणि मग तार कापली.

मी डोळा काढला. पुन्हा लावला. हाताने केलं ते मी बघितलं होतं, पण मी केलं नव्हतं.

हे कसं, ते सांगते. दुकानात उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लाइनला व्होल्टेज कधी जास्त येतो, कधी कमी. जास्त आला की मोटार तापते. वेढा वाढवला तर जरा कमी तापते. उस्ताद म्हणायचे, "बेटी, कागज पे जितने लिखे उतने गिन, और ऊपर से एक डाल. गिनना मत उसको. गिना तो कागज का हो गया." आमच्या दुकानाची मोटार म्हणूनच परत यायची नाही. नऊ वर्षं मी प्रत्येक कॉइलला शेवटचा वेढा न मोजता घातला. तो हातात गेला. तोंडाला त्याची खबरच नाही.

मोटारीत साठ वेढ्यांवर एक म्हणजे काही नाही. पिकअपमध्ये दहावर एक म्हणजे पूर्ण दहा टक्के.

पण मग पहिले पाच का जुळले? तेही आठवलं. पहिले पाच पिकअप करताना सर शेजारी बसून मोठ्याने मोजत होते. दहा म्हणाले की "बास!" म्हणायचे. सहाव्यापासून म्हणाले, आता तुम्ही एकट्या करा.

त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. स्नेहल शेजारी बसून नाक पुसत होती, आणि मी गप्प. बसमध्ये बसून विचार केला, सांगितलं तर काय? हात बसला, कडी सुधारली, पाहुण्यांना दाखवायची बाई, सगळं गेलं. वर सरांचा मोठा आकडा गेला. त्यांनी तो सगळीकडे सांगितलाय. अशा बाईला कोण ठेवेल? आणि नाही सांगितलं तर काय? ती पोरगी शनिवारी बॅग भरून सटाण्याला. बरोबर गणित घेऊन.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच सरांना गाठलं. ते फोनवर बोलत चालले होते. म्हटलं, "सर, माझ्याकडून एक वेढा जास्त जातोय."

सर फोनवर हात ठेवून म्हणाले, "कशात?"

"पिकअपमध्ये."

"एखादा गेला असेल हो. चालतंय." आणि गेले.

बुधवारी पुन्हा गेले. पाहुणे होते. सरांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "या आमच्या अनुसयाबाई, फार काळजी करतात, म्हणून तर काम चांगलं होतं." पाहुणे हसले. मीही हसले. काय करणार? गुरुवारी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली, तर ती चहाच्या कपाखाली गेली. वैताग, वैताग! मोठी चूक कबूल करायला निघावं तर कुणी ती घ्यायलाच तयार नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या हातून एवढी मोठी गोष्ट बिघडू शकते यावर कुणाचा विश्वासच नाही. मान दिला तोही असा, आणि विश्वास ठेवला तोही असा.

शुक्रवारी सरांच्या खोलीत स्नेहल राजीनाम्याचं पत्र घेऊन उभी होती. मी दार न वाजवता आत गेले. पिकअपची डबी सरांच्या टेबलावर ठेवली. मायक्रोस्कोप उचलून आणला होता, तोही ठेवला. तो जड असतो. मला धाप लागली होती.

"यातला कोणताही एक उचला, सर."

"बाई, आत्ता नाही."

"आत्ताच. उचला."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सरांनी एक उचलला. मी चिमट्याने तार सोडवायला लागले, आणि म्हटलं, तुम्हीच बघा आणि तुम्हीच मोजा. सरांनी डोळा लावला. आठ, नऊ, दहा. थांबले. "अजून आहे," म्हणाले. दुसरा उचलला. अकरा. स्नेहलने तिसरा घेतला. डबीत चौदा होते. चौदाही सोडवले. माझं मागच्या आठवड्यातलं दोन दिवसांचं काम टेबलावर केसांसारखं पडलं होतं. चौदाही अकराच.

मग मी सगळं सांगितलं. उस्तादांचंही सांगितलं, पण ते म्हातारे आहेत, त्यांना दोष देऊ नका असंही सांगितलं.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी जगाला सांगत फिरलो." आणि मग आवाज चढला. "मी तुम्हाला मोटार भरायला सांगितलं होतं का? पहिल्या दिवशी सांगायचं नाही?"

"पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं. कळलं सोमवारी. मंगळवारी सांगितलं. तुम्ही म्हणालात, चालतंय."

सरांनी कप उचलला तर खाली चिठ्ठी. ती वाचली आणि पुन्हा कप ठेवला.

स्नेहल मला मिठी मारेल असं वाटत असेल कुणाला तर तसं झालं नाही. ती माझ्यावर भडकली. "चार महिने, मावशी! चार महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते! आणि तुम्ही आठवडाभर गप्प?" आठवडा नाही, चार दिवस, आणि गप्प नाही, हे सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. तिचं खरं होतं. पाहुण्यांपुढे मी मान खाली घालून उभी राहायची तेव्हा ती मागच्या टेबलावर बसलेली असायची.

मग ती कॉम्प्युटरपाशी गेली. सहाव्यापासूनचे सगळे आकडे एक पूर्णांक एकने भागले. पडद्यावर तिच्या गणिताची रेघ होती, तिच्यावर बोटभर अंतरावर तरंगणारे ठिपके एकेक करून खाली आले आणि रेघेवर बसले. सगळे. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुमचं काम इतकं सारखं नसतं ना, कधी दहा कधी अकरा झाले असते, तर पहिल्या महिन्यातच शंका आली असती. सगळेच अकरा, म्हणून कुणाला कळलं नाही." ही शाबासकी होती की शिवी, अजून ठरवू शकले नाही. मग तिने आईला फोन लावला. "माय, मनं गणित बरोबर शे." माझं गणित बरोबर आहे, एवढंच मला कळलं, पुढचं नाही, पण ती रडत नव्हती.

निबंध गेला सोमवारीच. फक्त आकडा उतरला. सर आणि स्नेहल समोरासमोर बसून शेवटचं वाक्य जुळवत होते आणि मला मराठीतून वाचून दाखवत होते. सरांनी लिहिलं होतं, "काही पिकअपमध्ये किरकोळ फरक आढळला." स्नेहल म्हणाली, किरकोळ नाही आणि काही नाही, सगळेच. तिने लिहिलं, "सहाव्या शॉटपासून एक वेढा जास्त होता, असे पिकअप तयार करणाऱ्या अनुसयाबाईंनी दाखवून दिले." सर म्हणाले, चूक त्यांचीच, मग दाखवून दिले काय? स्नेहल म्हणाली, मग तुम्ही दाखवलं का? मी दाखवलं का? सर म्हणाले, बाईंनाच वाईट वाटेल, नाव नको, आपण सांभाळून घेऊ. स्नेहल म्हणाली, सांभाळून घेत होतो म्हणूनच चार महिने गेले.

दोघं भांडत राहिले, मी घासलेलं कडं कापडात धरून उभी. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"लिहा हो! चूक म्हणून लिहा आणि नाव घालून लिहा. चार दिवस तुमच्या मागे फिरले, कुणी ऐकलं नाही. आता कागदावर तरी ऐका."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय, बाई?"

पाच वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.